ती फिशर आहे तशीच राहू दे

परळ, मुंबई

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर फार वैतागली होतीस, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या डिसेक्शनच्या टेबलावरच्या उजव्या फुप्फुसाची हॉरिझॉन्टल फिशर, म्हणजे फुप्फुसाचे भाग वेगळे करणारी आडवी फट, अर्ध्यातच संपते, आणि पार्टनर म्हणतो, स्काल्पेलने पुढे ओढून घेऊ, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बरं दिसेल. तसलं काही करू नका. कुणीतरी देहदान केलंय ते तुम्ही खरं काय ते बघावं म्हणून.

पुस्तकात उजवीकडे फुप्फुसाचे तीन लोब म्हणजे भाग, डावीकडे दोन. पण उजवीकडची आडवी फिशर अपुरी असणं अगदी नेहमीचं, काहींत तर ती नसतेच. गर्भात फुप्फुसाच्या कोंबांमधल्या फटी बुजत जातात आणि लोबांच्या सीमेवरच्या तेवढ्या उरतात. त्याही बुजल्या की फिशर अपुरी राहते, आणि बुजायची ती उरली की जादा फिशर. 1997 मध्ये क्रेग आणि वॉकर यांनी याच्या चार ग्रेड केल्या: पहिलीत लोब पूर्ण सुटे, चौथीत फिशरचा मागमूस नाही. तुमची बहुधा तिसरी. फटीत बोट घालून ती किती खोल जाते तेही बघ, नुसत्या वरच्या रेघेवर जाऊ नकोस.

ऑपरेशन थिएटरमध्ये इतकी वर्षं उभी राहिले, त्यामुळे मला हे वेगळ्या बाजूने ठाऊक. लोबेक्टमीला, म्हणजे एखादा लोब काढायच्या ऑपरेशनला, छाती उघडल्यावर फिशर नीट असली की सर्जन खुशीत, फुप्फुसाची धमनी तिथेच हाताशी लागते. चिकटलेली असली की स्वर जरा चढायचा आणि मी न सांगताच स्टेपलर पुढे करायची. लोब असे वेगळे केले की कापलेल्या जागेतून हवा गळते. मग वॉर्डात छातीतल्या नळीच्या, ड्रेनच्या, बाटलीत बुडबुडे येत राहतात, पेशंटला खोकायला सांगितलं की भसाभस. ते थांबेपर्यंत नळी काढता येत नाही आणि नातेवाईक दर राउंडला तेच विचारतात. हल्ली एम्फिसीमाच्या (फुप्फुसं फुगून हवा अडकून राहण्याच्या आजाराच्या) पेशंटला खराब लोबाकडे जाणाऱ्या श्वासनलिकांत तो लोब आकसावा म्हणून व्हॉल्व्ह बसवतात, तिथेही आधी सीटीवर फिशर तपासतात. अपुरी असेल तर शेजारच्या लोबातून हवा येत राहते आणि लोब आकसत नाही. न्यूमोनियाही अशा वाटेने पलीकडे जाऊ शकतो.

उजव्या शेंड्याकडेही नजर टाक. छातीतली अॅझायगस नावाची शीर वाट चुकून तिथून गेली असेल तर वेगळा तुकडा पडलेला दिसतो. त्याला अॅझायगस लोब म्हणतात, पण त्याला स्वतंत्र ब्रॉन्कस (हवेची नळी) नसतो, तेव्हा लोब नावापुरताच. एक्स-रेवर बारीक वक्र रेघ आणि तिच्या खालच्या टोकाला स्वल्पविरामासारखा ठिपका. नवखे लोक त्याला आजार समजतात.

जर्नलमध्ये पुस्तकातली आकृती उतरवू नकोस, तुमच्या टेबलावरचीच काढ आणि फिशर कुठे संपते तिथे बाण कर. सर विचारतीलच, मग उत्तर तुझ्याकडे असेल. डावीकडे जादा आडवी फिशर निघाली तर मला लगेच कळव, हातातलं काम टाकून ऐकेन.

तुझी,
आई