हुकूम नेमका कोणाचा?

महोदय,

परराष्ट्र धोरणाच्या चर्चेत ‘अमुक देशाने पूर्ण विचारांतीच हे पाऊल उचलले असणार’ असे सर्रास गृहीत धरले जाते, हे मला धोकादायक वाटते. निर्णय घेतात ती नेतेमंडळी, सेनाधिकारी आणि खाती; त्यांचे हिशेब क्वचितच जुळतात. १९४१ मध्ये अमेरिकेने तेल रोखल्यावर, तिची औद्योगिक ताकद कितीतरी मोठी आहे हे ठाऊक असूनही जपानने युद्ध पत्करले, कारण अमेरिकेला हवी असलेली चीनमधून माघार जपानी लष्कराला मान्य नव्हती.

क्युबात सोव्हिएत संघाने ठेवलेल्या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी पेटलेल्या संकटाचे उदाहरण अधिक बोलके आहे. २७ ऑक्टोबर १९६२ रोजी तेथे अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान पाडले गेले, ते मॉस्कोच्या परवानगीवाचून, स्थानिक सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हुकमाने. त्याच दिवशी दुसरे यू-२ वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. यांपैकी एकाही घटनेला शत्रूचा ठरवून टाकलेला डाव मानून कोणी प्रत्युत्तर दिले असते, तर काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. सुदैवाने अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह या दोघांनीही संयम राखला. आरंभी हवाई हल्ल्याकडे झुकलेले केनेडी सल्लागारांच्या अनेक दिवसांच्या वादातूनच क्युबाच्या सागरी नाकेबंदीकडे वळले होते.

तेव्हा विश्लेषकांना कळकळीची विनंती, की एखाद्या राष्ट्राच्या कृतीमागे डावपेच शोधण्यापूर्वी तो हुकूम कोणी दिला आणि त्याला विरोध करण्याची मुभा कोणाला होती, हे आधी तपासावे.

– एक वाचक