‘सेलिब्रेशन डे’ला तो आक्षेप लागू नाही

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या रॉक बँडच्या मैफलींच्या डीव्हीडी आणि ब्लू-रे यांवर आलेला लेख वाचला. उतारवयातील वादक पुन्हा एकत्र येतात, तीच गाणी वाजवतात आणि चाहत्यांच्या आठवणी चाहत्यांनाच विकतात, हा लेखकाचा आक्षेप पुष्कळ चित्रणांच्या बाबतीत खरा आहे. मात्र त्या यादीत लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘सेलिब्रेशन डे’ या मैफल-चित्रणाचे नाव पाहून हे पत्र लिहावेसे वाटले.

ही मैफल १० डिसेंबर २००७ रोजी लंडनच्या ओटू अरीनामध्ये झाली. या बँडचे अल्बम काढणाऱ्या अटलांटिक रेकॉर्ड्स या कंपनीचे सहसंस्थापक अहमत एर्टेगन यांचे स्मरण हे तिचे निमित्त होते आणि उत्पन्न त्यांच्या नावाच्या शिक्षणनिधीसाठी होते. तिकिटांसाठी सुमारे दोन कोटी मागण्या आल्याचे तेव्हा सांगितले गेले, आणि सभागृहातील जागा मात्र वीस हजारांच्या आसपास. केवळ धंद्यावर डोळा असता, तर लगोलग जगभर दौरा निघाला असता आणि चित्रण पुढच्याच नाताळात दुकानांत आले असते. प्रत्यक्षात दौरा निघाला नाही, आणि चित्रण आधी चित्रपटगृहांत व मग घरी पाहण्यासाठी उपलब्ध झाले ते २०१२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे जवळजवळ पाच वर्षांनी.

मनासारखे न झालेले काम बाहेर सोडायला हा बँड सहसा राजी नसतो. १९८५ मध्ये ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या मैफलीसाठी फिलाडेल्फियाला बँडचे हयात तिघे सदस्य एकत्र आले, तेव्हा तालीम अपुरी होती, गायक रॉबर्ट प्लांट यांचा आवाज बसला होता आणि गिटारवादक जिमी पेज यांची गिटार सुरात नव्हती. २००४ मध्ये त्या कार्यक्रमाची डीव्हीडी निघाली, तेव्हा आपला भाग तीत घेऊ देण्यास त्यांनी नकार दिला. पेज आणि प्लांट यांनी १९७२ साली आपल्या मुंबईत भारतीय वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही गाणी मुद्रित केली होती, तीही अधिकृतपणे ऐकायला मिळाली थेट २०१५ मध्ये. आठवणी विकायला बसलेला माणूस असा माल चार दशके कपाटात ठेवील का?

माझा मुख्य मुद्दा मात्र वादनाचा आहे. या मैफलीच्या वेळी पेज ६३ वर्षांचे, बास आणि कीबोर्ड वाजवणारे जॉन पॉल जोन्स ६१ वर्षांचे आणि प्लांट ५९ वर्षांचे होते. ज्या ड्रमवादक जॉन बॉनम यांच्या १९८० मधील निधनानंतर बँड थांबला, त्यांचाच मुलगा जेसन ड्रमवर होता. काही गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली घेतली आहेत आणि विशीतल्या तारस्वरांमागे प्लांट धावत नाहीत. जाणता ख्यालगायक वयपरत्वे पट्टी उतरवतो पण मांडणी ढिली पडू देत नाही, तसे ते शब्दांच्या फेकीवर आणि विरामांवर गाणे पेलतात. ‘कश्मीर’मध्ये जोन्स हातांनी कीबोर्ड आणि पायांनी बास पेडल सांभाळतात, ते तर संगीताच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावे. शिवाय ‘तीच गाणी’ म्हणावे, तर १९७६च्या अल्बममधील ‘फॉर युवर लाइफ’ हे गाणे त्यांनी त्या रात्रीपूर्वी मंचावर कधीच पूर्ण वाजवलेले नव्हते.

चित्रण निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. दिग्दर्शक डिक कॅरदर्स यांचा कॅमेरा पेज यांच्या बोटांवरून नको त्या क्षणी हलतो, आणि प्रेक्षकांतून टिपल्यासारखी भुरकट दृश्ये मधूनमधून विनाकारण येतात. तरीही याच बँडच्या ‘द साँग रिमेन्स द सेम’ या १९७६च्या चित्रपटाशी तुलना करावी. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील १९७३च्या मैफलींचे चित्रण अपुरे पडले, म्हणून शेपर्टन स्टुडिओत पुन्हा वाजवल्याचा अभिनय करून जागा भरल्या गेल्या आणि मधल्या काळात केस कापलेल्या जोन्स यांना टोप चढवावा लागला होता.

‘सेलिब्रेशन डे’च्या विशेष आवृत्तीत त्याच शेपर्टनमध्ये मैफलीपूर्वी झालेल्या तालमीचे चित्रण वेगळ्या डिस्कवर दिले आहे. तेथे टाळ्यांचा आधार नाही आणि गर्दीचा उत्साहही नाही. आपल्या लेखकाने ती डिस्क पाहून, आणि मूळ आक्षेप कायम असेल तर तो वादनाच्या आधारे मांडून, पुन्हा लिहावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे