दिवाळीला येत नाही, म्हणून हे पत्र

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही. आई गप्प होते, आणि बाबा, तुम्ही "बरं, बरं" म्हणून फोन ठेवता. मग रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून लिहिते. इथलं, इंडोनेशियातलं काम आणखी दोन वर्षं वाढवून घेतलं आहे. सही झाली. यंदा दिवाळीला येत नाही, कारण पेरणी तोंडावर आली आहे आणि मातीतल्या ओलीच्या नोंदी आत्ताच घ्यायच्या असतात. मार्चमध्ये भात घरात आलं की तीन आठवडे येते. नक्की.

बाबा, "एवढं लांब जाऊन दुष्काळच शोधलास" असं तुम्ही म्हणालात ते मनात राहिलंय. पण खरंच सांगते, गुनुंगकिदुल बघितलं तर तुम्हाला परकं वाटणार नाही. जावा बेटावरच्या योग्यकार्ता शहराच्या आग्नेयेला हा जिल्हा, आणि दक्षिणेकडचा भाग म्हणजे गुनुंग सेवू, हजार डोंगर. सगळा चुनखडीचा. पाऊस आपल्या माण तालुक्याच्या तिप्पट-चौपट पडतो, तरी ऑगस्टपासून पाच हजार लिटरचे टँकर फिरतात. पाणी दगडातल्या भेगांतून सरळ खाली उतरतं आणि खोल, जमिनीखालच्या नद्यांतून समुद्राला जातं. वर उरतात ती खोलगट जागी साचलेली तळी. त्यांना तलागा म्हणतात. तळाला चिकण मातीचा थर असतो, तोच पाणी धरून ठेवतो. काही ठिकाणी गाळ काढायला गेले, तो थर खरवडला गेला आणि तळं कायमचं गळकं झालं. तुमच्या पाझर तलावात जे हवं असतं, तेच इथे नको असतं. मार्चमध्ये आले की यावर आपण दोघं बसून बोलू.

माझ्या पाण्याची काळजी करू नका. घराला लागून सिमेंटची टाकी आहे, कौलांवरचं पाणी पन्हळीतून तिच्यात येतं. ऐंशी चौरस मीटरच्या छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर हिशेबाने आठ हजार लिटर होतात, थोडे सांडून-उडून कमी. पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्यायचे, कारण त्यात धूळ, पालापाचोळा आणि पाखरांची घाण असते. झाकण घट्ट नसलं तर डेंगीचे डास होतात, म्हणून जाळी बसवून घेतली. प्यायचं उकळूनच. गावाजवळ सरकारी आरोग्य केंद्र आहे आणि मोठा दवाखाना वोनोसारीला, जिल्ह्याच्या गावी.

आता पेरणीचं. इथेही धूळपेरणी करतात, बाबा! जावानीज नाव न्गावू-आवू; आवू म्हणजे राख. ऑक्टोबरच्या शेवटी कोरड्या, भुसभुशीत केलेल्या रानात टोकदार काठीने भोकं पाडायची, प्रत्येकात चार-सहा दाणे टाकायचे, वरून माती. भात बहुधा सेग्रेंग, लाल तांदळाचं, साडेतीन महिन्यांच्या आतबाहेर तयार होणारं. पावसाची वाट बघत बसलं तर तांबडी चिकण माती पायाला चिकटते, वाफसा येईना, आणि मागून भुईमुगाला ओल उरत नाही. एका रानात दोन पिकं घ्यायची म्हणून हा जुगार. फसतो कसा, ते तुम्हाला सांगायला नको: एक सर येते, दाणा उगवतो, मग पंधरा दिवस आभाळ कोरडं. दुबार पेरणी. त्याआधी मुंग्या आणि पाखरं आपला वाटा नेतातच, आणि कणसं भरली की माकडांच्या टोळ्या.

भाताच्या ओळींमध्ये कसावा. वीत-सव्वा वीत लांबीची कांडी उभी खोचायची, डोळे वरच्या बाजूला. उलटी खोचली तर वाढ खुंटते. भात निघतं, भुईमूग निघतो, कसावा मात्र जुलै-ऑगस्टपर्यंत जमिनीत राहतो. उतारावर दगडी ताली आहेत, अगदी आपल्या वरच्या पट्टीसारख्या. माती कुठे हातभर, कुठे चार बोटं.

आई, तुझा उपासाचा साबुदाणा याच कंदाचा. इथे त्याचा तिवुल करतात. कंद सोलून, चिरून चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवायचे, मोडल्यावर कट्‌कन आवाज आला पाहिजे. मग कुटून पीठ करायचं, सुपात घेऊन पाण्याचा शिपका देत हाताने फिरवायचं म्हणजे रव्यासारखे दाणे वळतात, आणि अर्धा तास वाफवायचं. वर ओलं खोबरं. पीठ जास्त भिजलं तर गोळा होतो. कडू जातीचे कंद कच्चे खायचे नाहीत, त्यात विषारी अंश असतो. तू केलास तर साबुदाण्यापेक्षा छान करशील. माझं जेवण नीट चाललंय गं. लाल भात, हिरव्या मिरच्यांची नारळाच्या दुधातली टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीची आमटी. कोळंबीचं वाटण, तेरासी, घालू नका म्हणून सांगून ठेवलंय.

जनावरांमधल्या रोगाची बातमी कुणीतरी तुम्हाला पाठवली, ती खरी आहे. २०२३ मध्ये याच जिल्ह्यात अँथ्रॅक्स झाला. एखाद्याची गाय मेली की गाव पैसे गोळा करून मांस वाटून घेतं, त्याला ब्रांदू म्हणतात. हेतू त्या घरावरचं नुकसान वाटून घेण्याचा, पण रोगही तसाच वाटला जातो. मी मांस खात नाही आणि मेल्या जनावराजवळ जात नाही. गायी पांढऱ्या, वशिंडाच्या, मूळ आपल्याकडच्या ओंगोल जातीच्या, सुंबा बेटावरून इकडे आलेल्या. कोरड्या महिन्यांत वैरण संपली की एक गाय विकून दुसरीसाठी पेंढा आणतात; "गाय गायीला खाते" म्हणतात. आपल्या चारा-छावणीतले ते दिवस आठवले.

आणि एकटी नाही मी. सावड करतात तशी इथे साम्बातान आहे, मजुरी नाही, फक्त जेवण. रात्री गस्त घालणारे दारातल्या डबीतला मूठभर तांदूळ घेऊन जातात. डबी भरलेली नसली तर चौकशीला येतात. जमीन घेशील अशी धास्ती नको, परदेशी माणसाला इथे मालकी मिळतच नाही. त्यांच्या शेतीच्या पंचांगाचे शेवटचे दोन भाग देस्ता आणि सादा, म्हणजे ज्येष्ठ-आषाढ. हे ऐकलं तेव्हा आई, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पंचांग ऐकायचे, ते सगळं परत आलं.

आता नीट ऐका. बाबा, रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर रोज, बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. माळवदावर चढायचं नाही, पन्हळ साफ करायला दादाला सांगा. आई, हंडा उचलू नकोस, टँकर आला की नळी लांब करून घे, पैसे पाठवलेत. डोळ्याची तारीख डिसेंबरात आहे, पुढे ढकलू नकोस. मला वाईट वाटू नये म्हणून "सगळं ठीक" सांगू नका, खरं सांगा.

फराळ करू नकोस फार. चकली मात्र मार्चमध्ये मी आले की थोडी कर.

तुमची,
धाकटी