टब तुंबला तर आधी स्प्रिंग घाला, ॲसिड नको

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतील घरसफाईच्या सदरात तुंबलेल्या बाथटबवर दोन उपाय सुचवले आहेत. आधी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतावे, त्याने न भागल्यास संडास धुण्याचे ॲसिड रात्रभर भरून ठेवावे. निवृत्त होईपर्यंत मी मुंबईतल्या हॉटेलांत मेंटेनन्स खात्यात होतो. तुंबलेला टब म्हणजे आमच्या तक्रारवहीतली रोजची नोंद. त्या अनुभवावर सांगतो, पहिला उपाय निरुपयोगी आहे आणि दुसरा घातक.

सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारतात. फेस छान येतो, बघणाऱ्याला काहीतरी घडतेय असे वाटते, आणि खाली उरते ते केसांचे काहीही वाकडे न करणारे पाणी. ॲसिडची तऱ्हा वेगळी. टबाच्या पाइपात अडकतात ते केस, आणि केसांना धरून बसलेला साबणाचा चिकटा. पाणी बोअरिंगचे किंवा टँकरचे, जड असेल तर हा चिकटा फार लवकर धरतो. संडासच्या ॲसिडात, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडात, केस विरघळत नाहीत. साबण त्यात फुटतो, पण वाहून न जाता त्याची चरबी वेगळी होऊन तिथेच चिकटते. ॲसिड खाते ते भलतेच: वेस्टच्या, म्हणजे पाणी जाते त्या भोकाच्या, तोंडची क्रोमची कडी, टाइल्सच्या सांध्यातले सिमेंट, मार्बल असेल तर मार्बल, जुन्या इमारतीतले बिडाचे पाइप. आधी कुणी ब्लीच ओतून ठेवले असेल तर बंद बाथरूममध्ये क्लोरीन सुटतो. किरकोळ ॲसिडविक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये निर्बंध घातले, कोण नेतो आणि कशासाठी नेतो याची नोंद दुकानदाराने ठेवायची आहे. त्यामागचे कारण, ॲसिड हल्ले, वेगळे आणि फार गंभीर होते. तरीही फिनेलची बाटली आणायला सांगावी तसे आपण ॲसिड आणायला सांगता, हे खटकले.

कॉस्टिक सोड्याच्या दाण्यांनी केस विरघळतात, हे खरे. पण पाइप पुरता बंद असेल तर ते पाणी पुढे सरकत नाही, तापून ट्रॅपमध्येच, म्हणजे पाइपाच्या पाणी साचून राहणाऱ्या वळणातच, बसून राहते. मग ज्याला बोलावले जाते तो जाळी उघडतो आणि ते त्याच्या अंगावर उडते. अशी भाजलेली मनगटे मी पाहिली आहेत. काय ओतले होते ते घरचे लोक आधी सांगत नाहीत, हाही अनुभव.

हार्डवेअरच्या दुकानात पाइपातला बोळा ओढून काढणारी, हाताने फिरवायची ड्रेन स्प्रिंग काही शे रुपयांत मिळते. ‘चोकअपची स्प्रिंग’ म्हटले तरी दुकानदाराला कळते. साधारण 6 मिलिमीटर जाडीची, 15 ते 25 फूट लांबीची, डब्यात गुंडाळलेली, मागे हँडल आणि पुढच्या टोकाला फुगीर वेटोळे. घरच्या टबाला एवढी पुष्कळ झाली.

आता खरी गोष्ट. बहुतेक जण ही स्प्रिंग टबाच्या तळाच्या जाळीतून घालतात आणि ती जात नाही म्हणून बाजूला ठेवतात. जाणार कशी? तिथे आडव्या पट्ट्या असतात आणि लगेच काटकोनातला बेंड. आमच्याकडे नव्याने लागलेल्या पोराला पहिल्या दिवशी शिकवायचे ते हे, की टबाची वाट वरून असते. टबाच्या आतल्या अंगाला, वरच्या बाजूस एक गोल झाकण दिसते, ते ओव्हरफ्लोचे, म्हणजे टब जास्त भरला तर पाणी जायच्या वाटेचे. त्याचे एक-दोन स्क्रू काढायचे. मागे बूच उघडण्याची तार जोडलेली असेल तर तीही अलगद ओढून घ्यायची. तिथून पाइप सरळ खाली ट्रॅपकडे उतरतो. हातमोजे आणि चष्मा घालून स्प्रिंग तिथून सोडायची.

पुढचे काम कानाचे आणि बोटांचे. टोक बेंडला लागले की ठक्क करून कडक थांबते. तिथे जोर लावायचा नाही. वीतभर स्प्रिंग बाहेर ठेवून डब्याचा स्क्रू आवळायचा आणि हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवत हलकेच रेटायचे, टोक आपोआप वळण घेते. केसांच्या बोळ्याला लागले तर मात्र स्पर्श मऊ लागतो, हँडल जड होते आणि स्प्रिंगला पीळ बसू लागतो. इथे घाई केली तर ती दुमडते आणि कायमची वाकडी होते. थोडे फिरवावे, थोडे मागे घ्यावे, पुन्हा फिरवावे. पकड आली की त्याच दिशेने फिरवत सावकाश ओढायचे. उलटे फिरवले की हाती आलेला बोळा सुटून परत ट्रॅपमध्ये. बाहेर येते ते मेलेल्या घुशीसारखे काळेकरडे, लिबलिबीत आणि बरेच लांब असते. खाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे (आपला अंक नको असेल तर दुसऱ्याचा). मागून भरपूर गरम पाणी सोडावे, पण उकळते नको. घरातले पाइप बहुधा पीव्हीसीचे असतात आणि ते उकळत्या पाण्याने मऊ पडतात.

हे सगळे लिहायला कारण आमच्याच सोसायटीतले. ठाण्यात आमच्या वरच्या मजल्यावर एका घरात हौसेने टब बसवला आहे, समोरून विटांची भिंत आणि वर टाइल्स. तुंबल्यावर आलेल्या कारागिराने पाहताक्षणी ‘फोडावं लागेल’ म्हणून जाहीर केले. ओव्हरफ्लोचे झाकण त्याने उघडलेही नव्हते. आपल्याकडच्या बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला, त्यात पाइप टाकून वर कोबा भरलेला असतो. एकदा तिथे छिन्नी लागली की वॉटरप्रूफिंग गेलेच समजा, आणि मग खालच्या घराच्या छताला ओल. ‘तुमच्यामुळे’ आणि ‘आमच्यामुळे नाही’ यावर चालणाऱ्या सोसायट्यांतल्या भांडणांची सुरुवात अनेकदा अशाच एका फोडाफोडीत असते. मी माझी जुनी स्प्रिंग घेऊन वर गेलो. चहा होईपर्यंत टब रिकामा झाला. वहिनींनी कारागिराला फोन करून नको म्हणून सांगितले, तर तो ‘नुसत्या बघण्याचे’ पैसे मागू लागला.

प्रत्येक चोकअप स्प्रिंगने निघतो असा माझा दावा नाही. आधी बाथरूमच्या जमिनीवरच्या जाळीत बादलीभर पाणी ओतून बघावे. आपल्याकडे टबाचे पाणी बहुधा त्याच जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये येते. जाळीतले पाणी सरसर गेले तर अडचण टबाच्या पाइपात आहे आणि वरची कृती लागू पडते. जाळीही भरून आली तर ट्रॅप साफ करावा लागेल. शेजारच्या घरांतही पाणी उलटे येत असेल, तर चेंबर उघडा. तिथे ही छोटी स्प्रिंग काय करणार?

सोसायट्यांनी शिडी ठेवतात तशी एक स्प्रिंग ऑफिसात ठेवावी, आणि टब बसवणाऱ्यांनी समोरच्या भिंतीत उघडता येईल असे एक दार सोडावे. हॉटेलांत ते असतेच. घरी मात्र टाइल्सची ओळ मोडते म्हणून कुणी ऐकत नाही. आपल्या सदरात सोडा-व्हिनेगरऐवजी हे छापले तर बरे होईल. त्यात एक ओळ जरूर घालावी: ही स्प्रिंग कमोडमध्ये घालू नये, चिनी मातीवर काळे ओरखडे उठतात आणि ते जात नाहीत. कमोडची स्प्रिंग वेगळी, रबराची नळी चढवलेली मिळते.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स फोरमन, ठाणे