रिप्लेस ऑल दाबायच्या आधी थांबलेल्या पोराला

सांगलीच्या विश्रामबागेतल्या झेरॉक्सवाल्या पोरा,

तुझं नाव विचारायचं राहिलंच बघ. मंगळवारी संध्याकाळी हॉलतिकिटाच्या प्रिंटा काढायला पोरांची गर्दी होती, त्यात पेनड्राइव्ह घेऊन एक काकू घुसली आणि "ह्या ओळी तुटतात, काहीतरी कर बाबा" म्हणाली, ती मी. तेव्हा रडले नाही, पण घरी येऊन रडले. थँक्यू म्हणाले होते का तेपण आता आठवत नाही, म्हणून हे लिहितेय.

अण्णा म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी होते, सगळा पत्रव्यवहार टाइपरायटरवर. म्हातारपणी कॉम्प्युटर शिकले आणि रोज रात्री वहीतलं पानभर टाइप करून मला मेल करायचे. हरिपूरची हळद साठवायची जमिनीतली पेवं, पेव उघडलं की लगेच आत का उतरायचं नाही, कुणाची हळद कशी भिजली, आणि मधेमधे आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या गावभागातल्या घरात त्या वह्यांचा लगदा झाला. राहिले ते मेल. गेल्या वर्षी अण्णा पण गेले.

वर्षश्राद्धाला छोटंसं पुस्तक करून घरच्यांना द्यायचं ठरवलं, सगळे मेल कॉपी करून वर्डात पेस्ट केले, २१२ पानं झाली, पुस्तकाच्या साइजला पान बारीक केलं आणि बघते तर काय, एक ओळ पूर्ण, खाली दोनच शब्द लोंबतायत, परत एक ओळ पूर्ण, परत दोन शब्द. प्रेसवाले म्हणाले रनिंग मॅटर करून आणा. आता रनिंग मॅटर म्हणजे काय ते मला कुठलं माहीत.

भाचा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणाला "मावशी, दोन मिनिटांचं काम", त्या दोन मिनिटांना आता तीन महिने झाले, निळी टिक मात्र लगेच येते. एका डीटीपीवाल्यानं फाइल बघितली आणि हसला, "कुणी टाइप केलंय असलं?" म्हणाला, सगळं नव्यानं टाइप करावं लागेल, पानाला तीस रुपये. दुसऱ्यानं पाचशे घेतले आणि दहा मिनिटांत फाइल परत दिली, तर २१२ पानांचा एकच परिच्छेद! वर "ओळी जोडून पाहिजे होत्या ना, जोडल्या की" म्हणतो. मग मीच बसले, ओळीच्या शेवटी जायचं, डिलीट, स्पेस, खालची ओळ, डिलीट, स्पेस. चार दिवसांत अकरा पानं झाली आणि मनगट सुजलं.

आणि मग तू. आधी एक बटण दाबलंस, पानभर उलट्या पीसारख्या खुणा उगवल्या, ओळीगणिक एक. दोन पानं खालीवर केलीस आणि विचारलंस, "काकू, हे टाइप करणारे टाइपरायटरवाले होते काय?" मी बघतच राहिले. तू म्हणालास आमचे आजोबा कोर्टाबाहेर टाइप करायला बसायचे, ओळ संपत आली की टिंग वाजायचं आणि दांडा ढकलायचा, तेपण कॉम्प्युटरवर ओळ संपली की एंटर मारायचे. तीन महिन्यात अण्णांना अडाणी न ठरवणारा तू पहिला माणूस.

तू पुढं काय केलंस ते मला नीट सांगता यायचं नाही, कॅरेट पी का काय आणि तीन स्टार. एवढं कळलं की जिथं दोन एंटर लागोपाठ आहेत तिथं खरा परिच्छेद संपतो, ते आधी बाजूला बांधून ठेवायचं आणि मग एकेकटे एंटर काढायचे. त्या पाचशेवाल्यानं नेमकं हेच केलं नव्हतं.

पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं. रिप्लेस ऑलवर, म्हणजे सगळे एंटर एका झटक्यात काढणाऱ्या बटणावर, बाण नेलास, आणि माउसवरून हातच काढून घेतलास. "थांबा काकू, ह्या ओव्या हैत न्हवं? ह्या ओळी तोडूनच पाहिजेत." आणि हळूच वाचलीस,

हरिपूरच्या वाटंला चिंचा सावलीला दाट
बंधू येईल माझा गं किती बघू त्याची वाट

त्या पाचशेवाल्याच्या फाइलीत हेच "किती बघू त्याची वाट त्या साली हळदीचा भाव पडला" असं एका दमात झालं होतं. मी ते दहादा वाचलं होतं आणि काय खटकतंय ते मला सापडत नव्हतं. तू मागच्या पोरांना "दहा मिनटं थांबा रे" म्हणालास आणि २१२ पानं खाली सरकवत एकेक ओवी शोधून तिथला एंटर काढून शिफ्ट धरून एंटर दाबत गेलास, म्हणजे खूण वेगळी पडते, वाकडा बाण, मग पुसणारं तिला शिवत नाही म्हणे. ४३ ओव्या. दहाची वीस मिनटं झाली. एक पोरगं वैतागून निघून गेलं, तुझं गिऱ्हाईक गेलं माझ्यापायी.

पैसे विचारले तर वीस रुपये, तेपण प्रिंट काढून दाखवलीस त्याचे. सांगलीत महापुराच्या वेळी अशी माणसं बघितली होती, कोण कुणाचा म्हणून न विचारता भाकरी बांधून देणारी, पण नेहमीच्या दिवशी, काउंटरवर, रांग लागलेली असताना कोण कुणाच्या आजीची ओवी वाचत बसतंय?

आता फाइल उघडली की मी मुद्दाम त्या खुणा चालू करते. परिच्छेदाला उलटा पी, ओव्यांना वाकडा बाण. अण्णांनी टाइप केलेली मूळ फाइल पण ठेवलीय, पुसली नाही.

हे मोबाइलवर लिहितेय आणि ओळ भरली की बोट आपोआप एंटरकडं जातंय, शेवटी त्यांचीच लेक. सोमवारी प्रेसला फाइल द्यायचीय, त्याआधी दुकानात येते. नाव सांग, पहिल्या पानावर घालायचंय.

तुझी,
पेनड्राइव्हवाली काकू