आईच्या खोलीच्या केसमध्ये मदत केलेल्या सगळ्यांचे आभार

आईची गिरगावातली पागडीची खोली वाचेल असं खरंच वाटलं नव्हतं, भाडं थकलेलं, आधी मालकाची नोटीस आणि मग स्मॉल कॉजेस कोर्टाचं समन्स. कोर्टात ज्या ताईंनी स्वतःहून विधी सेवा प्राधिकरणाचा फॉर्म भरायला सांगितला त्यांना आधी थँक्यू!! 1987 च्या कायद्याने बाईला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो हे चाळीत कोणालाच माहीत नव्हतं (सल्ले द्यायला मात्र सगळे पुढे). वकील मॅडम, तुम्ही एक रुपया घेतला नाहीत, वर समन्सनंतर 90 दिवसांत थकबाकी 15 टक्के व्याज आणि दावाखर्चासकट कोर्टात भरली तर त्या कारणावरून खोली जात नाही हे आईला पटेपर्यंत समजावलंत. झेरॉक्सवाले काका, तुमचे पैसे राहिलेत, शुक्रवारी देतो.