घर आवरून ठेवलं, पण रंगारी दुसऱ्याच खोलीत शिरले

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

दिनांक : 11 ऑक्टोबर 2025

विषय : रंगकामाआधीच्या तयारीबद्दल चुकीची माहिती देणे, कोटेशनमधली झाकपाक न करणे व त्यामुळे झालेले नुकसान

महोदय,

कोथरूडमधला आमचा फ्लॅट 1986 सालच्या इमारतीत आहे. 20 सप्टेंबरला तुमच्या सुपरवायझरनी येऊन मापं घेतली आणि 68,400 रुपयांचं कोटेशन दिलं. निम्मे पैसे मी त्याच दिवशी भरले. कोटेशनच्या दुसऱ्या पानावर ‘फर्निचर सरकवणे, फरशी व सामान प्लॅस्टिकने झाकणे, शेवटी सफाई’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे. तरीही मी त्यांना तीनदा विचारलं की आम्ही काय काय आवरून ठेवायचं? दर वेळी एकच उत्तर मिळालं, “मॅडम, दागिने आणि पैसे तेवढे कुलपात ठेवा, बाकी सगळं आमची टीम बघते.”

आधी हॉल, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यात शेवटी आतल्या खोल्या, असं त्यांच्याशी बोलून ठरलं होतं. कारणही मी सांगितलं होतं. माझ्या सासूबाई 81 वर्षांच्या आहेत, त्यांना दमा आहे, आणि दिवाळीसाठी आलेला माझा चौदा महिन्यांचा नातू घरभर रांगतो. या दोघांना धुळीपासून लांब ठेवायचं, एवढ्यासाठी आम्ही तीन दिवस राबलो. पडदे उतरवले, फोटो काढले, भिंतीतले खिळे उपटले. पुस्तकं बावीस खोक्यांत भरून प्रत्येकावर कोणत्या फळीवरची ते लिहिलं. सोफा हॉलच्या मधोमध ओढला, म्हणजे भिंतीपाशी घोडी लावायला जागा राहील. सासूबाईंचा पलंग, नेब्युलायझर आणि बाळाचं अंथरूण सगळ्यात आतल्या खोलीत नेलं.

6 ऑक्टोबरला, कोजागरीच्या दिवशी, सकाळी नऊला चार कामगार आले आणि थेट त्याच आतल्या खोलीत शिरले. “साहेबांनी आतून सुरू करायला सांगितलंय.” सुपरवायझरांना मी सात फोन केले, उत्तर साडेअकराला मिळालं. तोवर सासूबाईंना पलंगावरून उठवून हॉलमधल्या खोक्यांच्या मध्ये खुर्चीवर बसवावं लागलं होतं.

माझी तक्रार त्या मुलांबद्दल नाही. चौघांत मिळून त्यांच्याजवळ प्लॅस्टिकचे दोनच कागद होते, त्यातला एक फाटका. मास्किंग टेपचं एक रीळ होतं, तेही दुपारी संपलं. झाकायला त्यांनी आमच्याच चादरी मागितल्या आणि मी दिल्या, दुसरं काय करणार? खोलीच्या दाराला पडदा लावायलाही त्यांच्याकडे काही नव्हतं. पोपडे खरवडून, लांबी (पुट्टी) भरून, दुसऱ्या दिवशी काचकागदाने घासाई सुरू झाली तेव्हा ती पांढरी भुकटी पार स्वयंपाकघरातल्या कणकेपर्यंत गेली. संध्याकाळी सासूबाईंना धाप लागली म्हणून मी नेब्युलायझर उघडला, तर मास्कच्या आतल्या बाजूवर पिठासारखा थर होता. मास्क धुऊन वाळेपर्यंत त्या तशाच धापा टाकत बसल्या होत्या. ते मी विसरू शकत नाही.

आमच्या दारांवर आणि खिडक्यांवर पूर्वीपासून ऑइल पेंटचे हात चढलेले आहेत. घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम 2016 मध्ये निघाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. असा रंग कोरडा घासायचा नाही, पाणी मारून ओला घासायचा, आणि लहान मुलांना तोवर तिथून हलवायचं, हे रंगकामाचा व्यवसाय करणाऱ्या कंपनीने ग्राहकाला आधी सांगायला नको का? तुमच्याकडून एक शब्द आला नाही. कामगारांनी दारं कोरडीच घासली. मला समजलं तेव्हा मी काम थांबवलं आणि मुलीला बाळासह त्याच रात्री तिच्या सासरी पाठवलं.

माझ्या वडिलांची पेटी (हार्मोनियम) आतल्या खोलीत कपाटावर होती. झाकण्याचं काम तुमचं म्हणून मी ती हलवली नाही. कामगारांनी तिच्यावर आमची सुती चादर टाकली, पण चादरीतून भुकटी झिरपतेच. आता काळी चारचा सूर दाबला की नुसती हवा फुसफुसते. दुरुस्त करणाऱ्यांनी पेटी उघडून दाखवली तेव्हा पितळी रीडच्या फटींत लांबीची भुकटी बसलेली होती. सगळ्या रीड काढून साफ करायचे आणि सूर लावायचे 4,500 रुपये सांगितले आहेत. “पेटी बाहेर न्या” एवढं एक वाक्य तुम्ही बोलला असतात, तर मी ती शेजारी ठेवली असती. शेजारच्या काकूंनी खोली देऊ केली होती.

बाथरूमलगतच्या भिंतीचंही सांगते. तुमच्या मीटरने तिथे ओल दाखवली होती, तरी त्यावर लांबी भरली. चार दिवसांत तिथे फुगा आला आहे.

काय आवरायचं ते आमचं काम असेल, तर तसं आधी लेखी द्या, आम्ही करू. तुमचं असेल, तर त्याचे पैसे घेतलेत, तेव्हा सामान घेऊन या. यापुढे प्रत्येक ग्राहकाला काम सुरू होण्याआधी किमान आठवडाभर खोल्यांचा क्रम, कोणती वस्तू घराबाहेर न्यायची आणि घासाईच्या दिवशी घरात कोणी थांबू नये, हे लेखी कळवावं, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

माझ्यापुरतं म्हणाल तर पेटीच्या दुरुस्तीचे 4,500 रुपये द्यावेत, झाकपाक व सफाईची रक्कम बिलातून वजा करावी, ओलीच्या भिंतीवरची लांबी काढून ती नीट वाळल्यावरच पुन्हा भरावी, आणि उरलेलं काम पूर्ण सामानासह 16 ऑक्टोबरपर्यंत संपवावं. 17 तारखेला वसुबारस आहे, त्या दिवशी बाळ परत येणार आहे.

14 ऑक्टोबरपर्यंत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 अन्वये पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. कोटेशन, पैसे भरल्याची पावती, मास्कचे व पेटीचे फोटो आणि दुरुस्तीचा अंदाज सोबत जोडला आहे.

कळावे,
आपली ग्राहक,
कोथरूड, पुणे